काकडीच्या वाडीत वनीकरण

"माझ्या काकड्या कुठायत?"

सोनूबाईंनी हा प्रश्न सुनेला, म्हणजे कमलला विचारला तेव्हा त्यांच्या खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरली नव्हती. चारकोपला लेकीचं बाळंतपण उरकून त्या त्याच सकाळी बसने आरेतल्या आपल्या उंबरपाड्यावर परतल्या होत्या. घरात शिरायच्या आधी वाडीत डोकावायचं ही त्यांची जुनी सवय. डोकावल्या, आणि पाय तिथेच थांबले. जिथे मांडवावर काकडीचे वेल चढलेले असायला हवे होते तिथे मांडवही नव्हता आणि वेलही नव्हते. नुसत्या काठ्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येक काठीला एक रोप, प्रत्येक रोपाला हिरवी रिबन, आणि सगळ्यांच्या पुढे एक पाटी : 'निसर्ग येथे विसावत आहे. कृपया आत येऊ नये.'

पाटी कमलने वाचून दाखवली. ती न दाखवती तर बरं झालं असतं.

"माझ्या वाडीत मीच येऊ नये? कोण म्हणतो?"

"आई, ओरडू नका ना. संस्थेचे लोक आले होते परवा. मला वाटलं तुमच्याशी बोलूनच आलेत. आपल्या जमिनीचं काम करतात तेच ना ते! तोच टी-शर्ट, छातीवर तेच झाड."

"आणि तू काय केलंस?"

कमल मरोळच्या एका टॉवरमध्ये घरकाम करायची आणि तिला निघायला उशीर झाला होता. तिने चपला शोधायचं नाटक केलं.

"कमल, मी विचारते काय केलंस?"

"चहा दिला सगळ्यांना," कमल म्हणाली. "बिस्किटं पण."

सोनूबाईंचा राग पाड्यावर प्रसिद्ध होता. तो आला की कुत्रीसुद्धा वाट बदलायची. पण आजचा राग नुसत्या काकडीचा नव्हता. या वाडीत त्यांच्या आजेसासऱ्यांनी पहिली कुदळ मारली, आणि तेव्हापासून एकही पावसाळा ती पडीक राहिली नव्हती. एवढं असून जमिनीचा कागद मात्र कोणाच्याच नावावर नव्हता. 'भूमिबंध' नावाच्या संस्थेतल्या सुयोगने दोन वर्षं खेटे घालून सोनूबाईंचा दावा सरकारदरबारी उभा केला होता. शेजाऱ्यांचे जबाब झाले होते, नकाशा झाला होता, आणि आता मोजणीवाले साहेब स्वतः येऊन जमीन खरोखर वहिवाटीत आहे का, म्हणजे ती कोणी कसतंय का, एवढंच डोळ्यांनी बघणार होते. काकडी उभी दिसली की दावा उभा राहणार होता. साहेब येणार होते आजच.

सोनूबाईंनी कमलच्या फोनवरून सुयोगला गाठलं.

"अरे मेल्या, तुझ्या माणसांनी माझी वाडी मारली!"

"माझ्या? मावशी, माझी कुठली माणसं? मी एकटाच आहे."

"तुझ्या संस्थेची! झाडं लावून ठेवलीत माझ्या काकडीवर!"

मग सुयोग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मावशी, ते आमच्यातले नाहीत. ते हरितवाले."

आता हे हरितवाले कोण, ते सांगायला हवं. अंधेरीत एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर भूमिबंधची एकच खोली होती आणि त्या खोलीत दोन विभाग होते. आदिवासींना त्यांची जमीन मिळवून देणारा 'हक्क' विभाग, म्हणजे सुयोग. आणि जंगल वाढवणारा 'हरित' विभाग, म्हणजे मानसी. दोघांची टेबलं पाठीला पाठ लावून होती. वर्षभरापूर्वी एसीच्या रिमोटवरून त्यांचं वाजलं आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त ईमेलने बोलायचे. ईमेलची प्रत संचालकांना जायची, आणि संचालक कायम कुठल्या तरी परिषदेत समन्वयावर भाषण करत असायचे. परदेशातून देणगी येत होती, लोकांच्या जमिनीसाठी आणि जंगलासाठी एकदमच, त्यामुळे खोलीत दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून बसलीत हे बघायला कोणाला सवड नव्हती. असल्या संस्थेला दान देण्यापेक्षा दोघांना एकेक रिमोट घेऊन दिला असता तर उंबरपाड्याचं जास्त भलं झालं असतं.

सुयोग पोचायच्या आधी मानसीच आली, संस्थेच्या जीपमधून. तिच्या हातात रिबनचं आणखी एक रीळ होतं.

"अरे वा मावशी, आलात? कसं दिसतंय? झकास ना?"

सोनूबाईंनी कोयता उचलला नाही, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

"माझ्या वेलांचं काय केलंस गं?"

"कुठले वेल? अच्छा, ते! आमच्या कंत्राटदाराला सांगून ठेवलंय ना, की स्थानिक झाडांना आवळणारे परके वेल दिसले की काढून टाकायचे. जंगलाला फार धोका असतो त्यांचा."

"काकडीचा?"

मानसी जराशी गडबडली. ती मूळची विलेपार्ल्याची, आणि काकडी तिने कोशिंबिरीच्या आधीच्या अवस्थेत फारशी पाहिलेली नव्हती. "त्याने फोटो नाही पाठवला हो मला," ती म्हणाली. "पण आता कुठायत ते वेल, विचारते मी त्याला."

"मी सांगते," कमल म्हणाली. "तबेल्यातल्या म्हशींना घातले. मी बघितलं."

म्हशींवरूनच सगळं रामायण झालं होतं. मानसीने गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी पाड्यामागच्या उतारावर रोपं लावली होती. ती तबेल्याच्या म्हशींनी दोन्ही वर्षी चवीने खाल्ली. अहवालात मात्र ती जोमाने वाढत राहिली. आता देणगीदारांनी पुण्याच्या जयंती मॅडमना मूल्यमापनासाठी पाठवलं होतं. त्या आज प्रत्यक्ष जंगल बघणार होत्या. उतारावर तर शेणाशिवाय काही नव्हतं. तेव्हा घाईघाईने रोपं आणली गेली, आणि कंत्राटदाराने पाड्यातली सगळ्यात भुसभुशीत, खतवलेली जागा बघून ती लावून टाकली. खणायचे कष्ट नकोत म्हणून.

"मावशी, प्लीज. मॅडम येऊन बघून जाऊ देत, मग काढू आपण हवं तर," मानसी म्हणाली. "माझी नोकरी जाईल हो."

"आणि माझी जमीन?"

"जमीन कुठे जातेय? ती इथेच राहणार ना!"

सोनूबाईंनी यावर जे उत्तर दिलं ते ऐकून जीपच्या ड्रायव्हरने काच वर केली.

तेवढ्यात रिक्षातून सुयोग उतरला. वाडी बघून त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "वाट लागली! मावशी, त्यांना विचारा, हे कोणाला विचारून केलं?"

मानसी तिथे समोरच उभी होती. पण बोलणं बंद होतं ना!

"मावशी, त्यांना सांगा," मानसी म्हणाली, "की आजची तारीख मी ईमेलवर कळवली होती."

"मावशी, त्यांना सांगा, मी पण माझ्या साहेबांची तारीख कळवली होती. त्यांनी ईमेल उघडलाच नाही."

"मावशी, त्यांना सांगा—"

"गप!" सोनूबाई ओरडल्या. "माझी जमीन चाललीय आणि मी तुमचे निरोप पोचवू? बोला एकमेकांशी! नाहीतर दोघांना याच खड्ड्यात लावते, काठी बांधून!"

मग ते बोलले. वर्षभरात पहिल्यांदा. ठरलं ते असं : आधी जयंती मॅडम येणार होत्या, त्यांना जंगल दाखवायचं. त्या गेल्या की पाटी आणि रिबनी काढून रोपं बाजूला करायची, आणि मोजणीवाल्या साहेबांना काकडी दाखवायची. सोनूबाईंना हा बेत मुळीच पटला नाही. पण रोपं आताच उपटली तर मानसी रडेल आणि न उपटली तर जमीन जाईल, यातलं मधलं काही त्यांना सुचेना.

"पण काकडी आणायची कुठून?" कमलने विचारलं. शहाणा प्रश्न फक्त तिलाच पडला.

"ते माझ्यावर सोडा," सुयोग म्हणाला, आणि रिक्षात बसून गेला.

तो परतला तो मॉलची पिशवी घेऊन. तिच्यात लांब, सडपातळ, गुळगुळीत, एकसारख्या काकड्या होत्या. प्रत्येकीला पारदर्शक प्लास्टिकचा अंगरखा होता.

"हे काय आणलंस?" सोनूबाईंनी एक काकडी दोन बोटांत धरून विचारलं.

"काकडीच आहे मावशी. इम्पोर्टेड. बाजार बंद होता आज."

"ही काकडी? हिला ना काटा, ना पोट! असलं लागलं तर मी वेल कापून टाकते!"

पण वेळ नव्हता. जयंती मॅडमचा पत्ता नव्हता आणि साहेबांची वेळ जवळ येत होती. म्हणून सुयोगने मागच्या ओळीपासून काकड्या सुतळीने रोपांनाच बांधायला घेतल्या. काकडीचे वेल नाहीत तर निदान काकड्या तरी जमिनीपासून वर दिसाव्यात, असा त्याचा विचार होता. मानसी पुढून रिबनी सरळ करत होती, तो मागून काकड्या लटकवत होता, आणि दोघांच्या मध्ये सोनूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आपल्या वाडीत हे चाललंय हे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं, पण पाणीच होतं.

आणि गाडी आली.

गाडीतून जयंती मॅडम उतरल्या. त्यांच्या मागून, फाइल काखेत धरून, मोजणीवाले साहेब उतरले.

"हे साहेब बसस्टॉपवर उभे होते," जयंती मॅडम प्रसन्नपणे म्हणाल्या. "दोघांनाही उंबरपाड्यालाच यायचं होतं, म्हटलं चला बरोबर. उशीर झाला का आम्हाला?"

सुयोगच्या हातात सुतळी होती. मानसीच्या हातात कात्री. कमल घरात जाऊन पाणी घेऊन आली, कारण दुसरं काय करायचं ते तिलाही कळेना.

जयंती मॅडम वाडीत शिरल्या. पहिल्या ओळीतली रोपं त्यांनी कौतुकाने बघितली. तिसऱ्या ओळीत त्या थांबल्या. "हे ऐनाचं झाड ना?"

"हो मॅडम, ऐन," मानसी म्हणाली.

"याला काकडी लागली आहे."

"मिश्र लागवड आहे ती," सुयोग म्हणाला.

"आधार पद्धत," मानसी त्याच क्षणी म्हणाली.

मोजणीवाले साहेब वाकले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून काकडी नीट निरखली, आणि तिच्या प्लास्टिकवरचा किमतीचा स्टिकर अंगठ्याने हळूच सोलून फाइलवर चिकटवला.

"हल्ली वेलावरच लावून येतो वाटतं," ते म्हणाले. ते थट्टेने बोलले की गंभीरपणे, हे कोणालाच कळलं नाही. "सोनूबाई कोण?"

"मी."

"हे पीक तुमचं?"

सुयोग मागून मान हलवून हो म्हणा, हो म्हणा असं सुचवत होता. सोनूबाईंना ते दिसतही होतं. पण आयुष्यभर ज्या काकडीसाठी मरोळचे लोक पाड्यावर चालत यायचे, तिच्या जागी ही प्लास्टिकातली पांचट लांबोडकी आपली म्हणायची? जीभ वळेना.

"ही माझी काकडी नाही!" त्या गरजल्या. "असलं मी कधी पिकवलं नाही आणि पिकवणार नाही! दुकानातनं आणलंय ह्याने!"

"बरं. मग ही झाडं तुमची?"

"नाही! ती हिची!"

"पाटी?"

"ती पण हिचीच!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "पीक तुमचं नाही, झाडं तुमची नाहीत, पाटी तुमची नाही. मग बाई, इथे तुमचं काय आहे?"

सोनूबाईंकडे चार पिढ्यांचं उत्तर होतं, पण दाखवायला हातात काही नव्हतं. जे होतं ते म्हशींच्या पोटात गेलं होतं.

"जमीन," त्या शेवटी म्हणाल्या.

"तेच तर बघायला आलोय ना मी." साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांना दिसेल तेच लिहायचं होतं, आणि दिसत होती ती एका संस्थेची लागवड. ते लिहायला लागले. सुयोगने डोळे मिटून घेतले.

याच वेळी पलीकडे जयंती मॅडमनी एक रोप हलवून पाहिलं. ते काठीसकट वर आलं. खाली मुळांना रोपवाटिकेची काळी पिशवी तशीच होती.

"मानसी, तुमच्या अहवालात ही झाडं तिसऱ्या वर्षात आहेत," मॅडमचा आवाज आता प्रसन्न नव्हता. "हे रोप परवाचं आहे. आधीची कुठे गेली?"

मानसीने सुयोगकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, आणि मग तिचं बोट आपोआप सोनूबाईंकडे वळलं.

"मॅडम, ह्या बाईमुळे! आम्ही काय करणार? दरवर्षी आम्ही लावतो आणि दरवर्षी ही उपटून टाकते! तीन वर्षं झाली! उपटते आणि काकडी लावते! कितीही समजावा, ऐकतच नाही!"

कमलने सासूचा दंड घट्ट धरला, कारण आता काय होणार ते तिला माहीत होतं.

पण आधी बोलले ते मोजणीवाले साहेब. त्यांचं पेन थांबलं होतं. "काय म्हणालात? काय लावते?"

"काकडी! आता बघताय ना, जागा रिकामी मिळाली, म्हणून आम्ही लावली रोपं. नाहीतर ही बाई इथून हटत नाही."

"तीन वर्षं सलग?"

"सलग!"

"आणि त्याच्या आधी कोण कसायचं?"

"हीच! आम्ही पाड्याची पहिली पाहणी केली ना साहेब, तेव्हाही हीच होती इथे. त्याच्या आधी हिचा सासरा. पिढ्यान्‌पिढ्या बसलेत हे लोक इथे, इंचभर सोडत नाहीत!"

"तुमचं पूर्ण नाव सांगा. हुद्दा?" साहेबांनी नवा कागद काढला. "शेजाऱ्यांचं काय, ते एकमेकांच्या बाजूने बोलणारच. विरुद्ध पार्टी स्वतःच्या तोंडाने सांगते, त्याला वजन असतं."

सुयोगने डोळे उघडले. मानसीच्या लक्षात आलं, पण उशिरा. जयंती मॅडम समोर उभ्या होत्या. आता खोटं होतं म्हणावं तर मग म्हशी आल्या असत्या, आणि म्हशींबरोबर तीन वर्षांचे अहवाल आले असते. तिने सही केली.

"आता तुम्ही, सोनूबाई," साहेब म्हणाले. "या बाई म्हणतात की तुम्ही दरवर्षी यांची रोपं उपटून इथे काकडी लावता. खरं आहे?"

सोनूबाईंच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. त्यांनी जन्मात कोणाचं रोप उपटलं नव्हतं. वाडीच्या बांधावर आपोआप उगवलेलं बोरीचं झाडसुद्धा त्यांनी काटे टोचून घेऊन वाढवलं होतं. उतारावर म्हशी शिरल्या तेव्हा काठी घेऊन हाकलायला धावल्या त्या एकट्या सोनूबाईच. आणि आज ही कालची पोर, जिची माणसं याच घरात चहा-बिस्किटं खाऊन गेलेली, त्यांना झाडं मारणारी म्हणत होती, तेही चारचौघांत. खोटा आळ सोनूबाईंनी नवऱ्याचा ऐकून घेतला नव्हता, सासूचा घेतला नव्हता.

"आई," कमल कानाशी पुटपुटली. "हो म्हणा."

"मी नाही म्हणणार."

"आई, जमीन."

सोनूबाईंनी वाडीकडे बघितलं. मग मानसीकडे बघितलं. मानसीने मान खाली घातली.

"हो," त्या म्हणाल्या.

"जरा मोठ्याने."

"हो म्हणते ना! उपटते! मीच उपटते! दरवर्षी उपटते आणि काकडी लावते! माझी सासू पण लावायची! लिहा!"

साहेबांनी लिहिलं. वहिवाट अखंड, असं त्यांनी लिहिताना पुटपुटून वाचलं, अंगठा घेतला आणि फाइल मिटली. जाताना त्यांनी कमलकडे पाण्याचा दुसरा ग्लास मागितला. "काम झालं समजा बाई," ते सोनूबाईंना म्हणाले. "फक्त झाडं तोडायची सवय बरी नाही."

जयंती मॅडमही गंभीर झाल्या होत्या. त्यांनी सोनूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमच्यावर माझा राग नाही हं. हा जाणिवेचा प्रश्न आहे. मी अहवालात सुचवणार आहे, तुमच्यासारख्या भगिनींसाठी तीन दिवसांचं शिबिर. झाडांशी नातं कसं जोडायचं, ते शिकवतील तुम्हाला." मग त्या सुयोग आणि मानसीकडे वळल्या. "आणि तुमचं कौतुक. दोन्ही विभाग एकाच जागी हातात हात घालून काम करताना मी पहिल्यांदाच बघितले."

सोनूबाईंनी हात सोडवून घेतले. कमलला सासूच्या शिव्यांची कधीच भीती वाटली नव्हती, या गप्प बसण्याची वाटली.

गाडी गेली. सुयोग आणि मानसी एकाच जीपमधून गेले, पुढे कोणी बसायचं यावर वाद घालत. पाटी तशीच उभी होती. सोनूबाईंनी पदर खोचला, पाटीला वळसा घातला आणि पहिल्या ओळीतलं पहिलं रोप मुळाशी धरून ओढलं. काळ्या पिशवीसकट ते सहज वर आलं. त्यांनी ते बोरीच्या सावलीत नीट उभं करून ठेवलं आणि दुसऱ्याला हात घातला.

"आई, काय करताय?" कमल घाबरून म्हणाली. "आताच तर सगळं नीट झालं!"

"अंगठा दिलाय मी," सोनूबाई म्हणाल्या. "आता उपटायला तर हवं."

कमलने पर्स पायरीवर ठेवली. कामावर आता काय तोंड दाखवणार, असं म्हणत ती मागच्या ओळीला गेली आणि आधी सुतळ्या सोडवायला लागली.